ओओपी (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रामिंग) वाचताना कळतं, प्रोजेक्ट करताना सगळं मेनमध्येच जातं: दुरुस्ती कुठून करायची?

व्हायवाला एन्कॅप्सुलेशन, ॲबस्ट्रॅक्शन, इन्हेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम विचारा, चारही व्याख्या धडाधड येतात. प्लेलिस्ट दोनदा बघून झालेली असते, जर्नल पूर्ण असतं. मग मायक्रो-प्रोजेक्ट किंवा मिनी-प्रोजेक्ट करायला बसलं की तयार काय होतं? चारशे ओळींचं मेन (प्रोग्राम जिथून सुरू होतो ती मेथड), त्यात एक लांबलचक स्विच, आणि कडेला नुसत्या गेटर-सेटरनी (फील्डची किंमत वाचून देणाऱ्या आणि बदलणाऱ्या मेथडनी) भरलेला एक 'स्टुडंट' क्लास, ज्याला कुणी काही कामच दिलेलं नाही. प्रोग्राम चालतो. पण 'यात ओओपी कुठे आहे?' असं एक्स्टर्नलने विचारलं की बोट ठेवायला जागा सापडत नाही.

डिप्लोमाची पोरं ही तक्रार घेऊन येतात, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची येतात, बीसीएची येतात, आणि नोकरीत रुळलेली मंडळीही हळूच विचारतात. बहुतेकांनी त्यावर एकच औषध घेतलेलं असतं: आणखी एक कोर्स. त्याने उतार पडत नाही. व्हिडिओ असो वा लॅब, आपला सगळा सराव क्लास लिहायचा असतो. कुठलं काम कुणाच्या गळ्यात घालायचं, हे ठरवायचा सराव कुणी करून घेत नाही. समोर येतो तो तयार क्लास. तो असाच का आणि वेगळा का नाही, हा झगडा पडद्याआड उरकलेला असतो.

पण रचनेकडे वळण्याआधी पाया तपासून घ्या. काहींची अडचण खरोखर पायाचीच असते, आणि त्यांना डिझाइन शिकवून काही उपयोग होत नाही.

पहिली तपासणी: कागदावर, कॉम्प्युटर बंद

दोन प्रश्न. जावात 'अ' नावाच्या व्हेरिएबलमध्ये एक विद्यार्थी आहे. 'ब' बरोबर 'अ' असं लिहिलं आणि मग 'ब'चं नाव बदललं. आता 'अ'चं नाव काय छापून येईल? दुसरा: 'न्यू' वापरून दहा विद्यार्थ्यांचा ॲरे बनवला. या क्षणी मेमरीत किती विद्यार्थी आहेत?

पहिल्याचं उत्तर: बदललेलं नाव, कारण ऑब्जेक्ट एकच आहे आणि दोन नावं त्याच्याकडे बोट दाखवतायत. दुसऱ्याचं उत्तर: एकही नाही. दहा रिकाम्या जागा आहेत, प्रत्येकीत नल. इथेच 'नल पॉइंटर एक्सेप्शन' येतो आणि पोरं तासभर लूपमध्ये चूक शोधत बसतात.

दोन्हींपैकी एक जरी चुकलं असेल तर डिझाइन बाजूला ठेवा आणि 'पायथन ट्युटर' नावाच्या साइटवर आपलाच छोटा कोड चालवून बघा. नाव पायथनचं असलं तरी तिथे जावा आणि सी प्लस प्लसही चालतं. एकेक ओळ पुढे सरकते तसं कुठलं व्हेरिएबल कुठल्या ऑब्जेक्टकडे बाण दाखवतंय ते चित्रात दिसतं. दोन-तीन संध्याकाळी यात घातल्या की रेफरन्सचं भूत उतरतं.

पायथनवाल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. क्लासच्या अंगात थेट, 'इनिट'च्या (ऑब्जेक्ट तयार होताना चालणाऱ्या मेथडच्या) बाहेर, रिकामी लिस्ट लिहिली असेल तर ती लिस्ट सगळ्या ऑब्जेक्टमध्ये सामायिक असते. एका विद्यार्थ्याला घातलेले मार्क दुसऱ्याच्या खात्यातही दिसतात. लिस्ट 'सेल्फ'ला जोडून 'इनिट'च्या आत तयार करा, प्रश्न मिटतो. सी प्लस प्लसवाल्यांचा नेहमीचा घात वेगळा: बेस क्लासच्या व्हेक्टरमध्ये डिराइव्हड ऑब्जेक्ट घातला की त्याचा जास्तीचा भाग कापला जातो आणि व्हर्च्युअल फंक्शन लिहूनही बेसचंच चालतं. तिथे पॉइंटर हवा, शक्यतो स्मार्ट पॉइंटर.

दुसरी तपासणी: 'स्टॅटिक'ची लागण

जावा शिकणाऱ्यांच्या निम्म्या प्रोजेक्टांचा मूळ रोग हाच असावा असं मला वाटतं. सुरुवात अगदी साधी असते. मेनमधून आपली एक मेथड बोलावली, आणि कंपायलर म्हणाला: 'नॉन-स्टॅटिक मेथड कॅनॉट बी रेफरन्स्ड फ्रॉम अ स्टॅटिक कॉन्टेक्स्ट'. एडिटरने कडेला दिव्याचं चिन्ह दाखवलं, त्यावर क्लिक केलं, मेथड स्टॅटिक झाली (म्हणजे एका ऑब्जेक्टची न राहता अख्ख्या क्लासची), एरर गेला. मग ती मेथड ज्या व्हेरिएबलला हात लावते तेही स्टॅटिक करावं लागलं. मग पुढची मेथड. असं करता करता अख्खा क्लास स्टॅटिक होतो. त्यानंतर दोन विद्यार्थी बनवले की दुसऱ्याचं नाव पहिल्यावर चढतं, कारण नाव ठेवायला जागाच एक उरलेली असते.

कंपायलर तिथे विचारत होता की ही मेथड कुठल्या ऑब्जेक्टची? उत्तर द्यायचं तर मेनमध्ये एक ऑब्जेक्ट तयार करायचा आणि त्याच्यावर मेथड बोलवायची. मेनमध्ये दोन-तीन ओळीच राहू द्या: मुख्य ऑब्जेक्ट बनवा, त्याला 'सुरू कर' म्हणा, बास. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ मध्ये मेनही स्टॅटिक असायची सक्ती उरलेली नाही, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्यांचा हा काच कमी होईल. पण कॉलेजच्या लॅबमध्ये जुनी आवृत्ती असेल तर त्यावर विसंबू नका.

प्रोजेक्टमध्ये 'स्टॅटिक' हा शब्द शोधा. मेन आणि एखाददुसरा स्थिरांक सोडून इतर ठिकाणी सापडला तर प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न विचारा. ही सवय मोडायला ब्लूजे हे फुकट मिळणारं साधन चांगलं. शिकवण्यासाठीच बनवलेलं आहे, दिसायला जुनाट आहे, पण त्यात मेन न लिहिताच क्लासवर राइट-क्लिक करून ऑब्जेक्ट बनवता येतो. तो खालच्या पट्टीत येऊन बसतो आणि त्याच्या मेथड एकेक करून बोलावता येतात. ऑब्जेक्ट म्हणजे काय ते तिथे हाताला लागतं.

पाया ठीक आहे, तरी जमत नाही: मग खरा रोग हा

कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते, दोघंही प्राणी. हे उदाहरण इन्हेरिटन्सचा सिंटॅक्स दाखवायला ठीक आहे, शिकायला निरुपयोगी आहे, कारण त्यात सोडवायचं काहीच नाही. क्लास ही कल्पना आली ती सिम्युलेशनच्या गरजेतून. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड यांनी १९६०च्या दशकात सिम्युला भाषा बनवली. प्रोग्राममधल्या प्रत्येक वस्तूला स्वतःची स्थिती असावी आणि स्वतःचं वागणं असावं, ही त्यांची गरज होती. या कामाबद्दल दोघांना २००१चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आपल्या प्रोजेक्टमध्येही स्थिती बदलत राहते आणि नियम बदलत राहतात असा विषय हवा, तरच क्लासची गरज निर्माण होते. 'स्टुडंट मॅनेजमेंट'मध्ये नाव घाला, नाव दाखवा, नाव पुसा, एवढंच असतं. त्याला एक ॲरेलिस्ट पुरते.

म्हणून विषय बदला. मी नेहमी गावातलं दूध संकलन केंद्र सुचवतो. ज्यांच्या घरी दूध डेअरीला जातं त्यांना नियम तोंडपाठ असतात, आणि नसतील तर सचिवाकडे तासभर बसलं की कळतात. सभासद सकाळी-संध्याकाळी दूध घालतो. लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजतात. दरपत्रकातून दर निघतो. गाईच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, म्हशीचा ६ आणि ९ ला, आणि त्यावर-खाली दर चढतो-उतरतो. दहा दिवसांनी पगार (दुधाच्या पैशांचा हिशोब) होतो, त्यातून पशुखाद्याची उधारी आणि उचल कापली जाते.

आता करायचं असं. पहिली आवृत्ती मुद्दाम सगळी मेनमध्ये लिहा. लाजू नका. एक सभासद, एक दर, दहा दिवस, बेरीज. चालली पाहिजे एवढीच अट. पैसे मात्र 'डबल'मध्ये (दशांश संख्यांच्या नेहमीच्या प्रकारात) ठेवू नका. 'डबल'मध्ये ०.१ आणि ०.२ मिळवले तर बरोबर ०.३ येत नाही, आणि पगाराच्या दिवशी पाच पैशांवरून भांडण होतं. पैशांत मोजून पूर्णांक ठेवा, किंवा जावातला दशांश अचूक ठेवणारा 'बिगडेसिमल' वापरा.

मग पुढचे बदल एकेक करून आणा. पुढचा आधी वाचून त्याची तयारी करायची नाही.

दर ११ तारखेच्या संध्याकाळपासून बदलला, पण सकाळपर्यंतचं दूध जुन्याच दराने धरायचं. एकाच सभासदाने एकाच वेळी गाईचं आणि म्हशीचं दोन्ही दूध आणलं. उचलीचा हप्ता कापल्यावर पगार शून्याखाली जात असेल तर उरलेली रक्कम पुढच्या पगारावर ढकलायची. यंत्राने फॅट चुकीची दाखवली, सचिवाने नोंद दुरुस्त केली, पण जुना आकडाही दिसला पाहिजे, नाहीतर ऑडिटला गोंधळ.

प्रत्येक बदलासाठी किती ठिकाणी हात लावावा लागला ते मार्जिनमध्ये लिहून ठेवा. पहिल्याच बदलाला दर काढायचं सूत्र चार जागी सापडेल: नोंद करताना, पावती छापताना, बिलात, आणि अहवालात. या चार जागा मिळून एक 'दरपत्रक' मागतायत. त्याला तारीख, वेळ, फॅट, एसएनएफ द्यायचं, त्याने दर सांगायचा. कधीपासून लागू, आधीचं कुठलं, हे त्याचं तो बघेल. हा क्लास पुस्तकातून आलेला नाही, दुखऱ्या जागेतून आलाय, त्यामुळे तो विसरत नाही.

गाय आणि म्हैस: इथे हात आवरा

दुसऱ्या बदलाला जवळजवळ प्रत्येक जण एकच करतो. 'दूध' हा बेस क्लास, 'गाईचंदूध' आणि 'म्हशीचंदूध' त्याची पोरं. (जावात आणि पायथन ३ मध्ये क्लासचं नाव देवनागरीत चालतं, करून बघा. सबमिशनला मात्र सरांना विचारूनच.) दिसायला हे शहाणपणाचं वाटतं, कुत्रा-मांजराच्या धड्याशी जुळतं. पण दोघांच्या वागण्यात फरक काय? लिटर तसेच, फॅट तशीच, बेरीज तशीच. फरक फक्त कुठलं दरपत्रक लावायचं एवढा. तो फरक माहितीचा आहे, वागण्याचा नाही. एका फील्डने काम होतं. उद्या शेळीचं दूध सुरू झालं तर नवा क्लास लिहावा लागत नाही, नवं दरपत्रक भरलं की झालं.

पॉलिमॉर्फिझम खरा लागतो तो कपातीत. पशुखाद्याची जेवढी उधारी तेवढी सगळी कापायची. उचलीचा ठरलेला हप्ता कापायचा. भागभांडवलासाठी लिटरमागे काही पैसे कापायचे. तिघांचं गणित पूर्ण वेगळं, पण बिलाने तिघांना विचारायचा प्रश्न एकच: 'या पगारातून तुझे किती?' इथे 'कपात' हा इंटरफेस (प्रश्न ठरलेला, उत्तर ज्याचं त्याने द्यायचं असा करार) आपोआप तयार होतो. बिलाकडे कपातींची यादी असते, ते एकेकीला विचारत जातं, मध्ये एकही 'इफ' नाही. संस्थेने विमा सुरू केला तर चौथा क्लास लिहायचा, बिलाला हात लावायचा नाही. यादीचा क्रम मात्र महत्त्वाचा. पगार अपुरा असेल तर आधी खाद्य कापायचं की आधी उचल? हे तुम्ही ठरवू नका, सचिवाला विचारा. असे प्रश्न सुचायला लागले म्हणजे तुम्ही डिझाइन करताय.

इन्हेरिटन्सचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही, याचा पुरावा जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत आहे. तिथला 'स्टॅक' हा 'व्हेक्टर'ची संतती आहे. त्यामुळे ज्या स्टॅकमध्ये फक्त वरून घालायचं आणि वरूनच काढायचं, त्यात मधे कुठेही वस्तू घुसवता येते. जुना कोड मोडेल म्हणून आता ते बदलता येत नाही, आणि जावाचं डॉक्युमेंटेशनच त्याऐवजी 'डेक' (दोन्ही टोकांनी घालता-काढता येणारी रांग) वापरा असं सुचवतं. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेली कसोटी इथे कामाची आहे: बेसच्या जागी पोर ठेवलं तरी वापरणाऱ्याचा अपेक्षाभंग होता कामा नये. शंका आली की 'एक्स्टेंड्स' (जावात इन्हेरिटन्स लिहायचा शब्द) खोडा आणि तो ऑब्जेक्ट आत फील्ड म्हणून ठेवा.

गेटर-सेटरचा बाजार

फील्ड प्रायव्हेट केलं आणि लगेच एडिटरला सांगून सगळ्यांचे गेटर-सेटर बनवून घेतले, तर कुलूप लावून किल्ली दारातच टांगल्यासारखं झालं. ओळखायची खूण: मेनमध्ये नोंदीकडून लिटर घेतलेत, दर घेतलाय, आणि गुणाकार मेनने केलाय. नोंदीलाच विचारा, 'तुझी रक्कम किती?' सेटर काढून टाका आणि कंपायलर कुठे ओरडतो ते बघा. तिथे तिथे एखादं काम चुकीच्या माणसाकडे गेलेलं असतं. फॅट दुरुस्तीसाठी 'सेटफॅट' नको, 'दुरुस्त कर' अशी मेथड हवी. ती नवा आकडा, कारण आणि जुना आकडा तिन्ही जपून ठेवते. चौथा बदल इथे सुटला.

कोणतं काम कुणाचं हे ठरेना तर कार्डं काढा. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये ही पद्धत शिकवण्यासाठीच मांडली. एका क्लासला एक छोटं कार्ड: वर नाव, डावीकडे जबाबदाऱ्या, उजवीकडे कुणाची मदत लागते ते. जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू यासाठी उत्तम. तीन-चार मित्रांनी एकेक कार्ड धरायचं आणि 'सभासदाने संध्याकाळी दूध घातलं' हा प्रसंग बोलून चालवायचा. कार्डावर लिहिलंय तेवढंच बोलायचं. एकच जण सारखा बोलत असेल आणि बाकीचे चहा पीत बसले असतील, तर त्याच्या कार्डावर बहुधा 'मॅनेजर' लिहिलेलं असतं. ते फाडून कामं वाटा. 'मॅनेजर', 'हँडलर', 'युटिल' ही नावं दिसली की मी तरी सावध होतो.

साधनं: किती आणि कुठली

एक शिकायला, एक सरावाला. तिसरं उघडायचं नाही.

जावासाठी हेलसिंकी विद्यापीठाचा ऑनलाइन कोर्स मला सर्वांत भावतो. फुकट आहे, व्हिडिओपेक्षा वाचायचा मजकूर जास्त आहे, आणि दर टप्प्याला स्वतः कोड लिहायचा असतो, तो टेस्ट आपोआप तपासतात. इंग्रजीची अडचण असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. छोटे व्हिडिओ, शेजारी आपला एडिटर उघडा ठेवून बरोबरीने टाइप करायची पद्धत, आणि बरेच धडे मराठी आवाजातही आहेत. तो सिंटॅक्सपर्यंत नीट पोचवतो, रचनेसाठी पुढे स्वतः झटावं लागतं. एनपीटीईएलचे (आयआयटींच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन) कोर्स संकल्पनांना चांगले, पण सर्टिफिकेटच्या मागे लागून असाइनमेंटची उत्तरं शोधत फिरणारे पुष्कळ पाहिलेत. त्यांचा प्रोजेक्ट परत मेनमध्येच जातो. सरावासाठी एक्झर्सिझम ही साइट फुकट आणि नेटकी आहे, छोट्या कोड्यांपुरती.

डिझाइन पॅटर्नची (नेहमीच्या अडचणींवरच्या तयार साच्यांची) यादी एवढ्यात पाठ करू नका. आधी पॅटर्न आणि मग प्रोजेक्ट असा उलटा क्रम लागला की दुधाच्या पावतीलाही फॅक्टरी, सिंगलटन आणि ऑब्झर्व्हर लागतो.

चॅटबॉटला 'ओओपी वापरून प्रोजेक्ट दे' म्हटलं की सुबक क्लास मिळतात, हे खरं. तपासायला त्यात वरच्यापैकी एक बदल स्वतःच्या हाताने करून बघा. कुठे हात घालायचा कळलं नाही, तर तो कोड तुमचा नाही. उलटा वापर जास्त फायद्याचा: त्याला डेअरीचा खडूस सचिव व्हायला सांगा, रोज एक नवी मागणी करायला सांगा, आणि कोड अजिबात देऊ नको म्हणून बजावा.

एवढं करूनही अडलं तर

विचारायला जाताना चारशे ओळी चिकटवू नका, आणि स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो तर मुळीच नको. तीन गोष्टी द्या. कुठला बदल करायला गेलात ते एका वाक्यात, त्यासाठी ज्या ज्या फाइलींना हात लावावा लागला त्यांची नावं, आणि कार्डं काढली असतील तर त्यांचा मजकूर. एरर असेल तर त्याच्या पहिल्या काही ओळी टाइप केलेल्या किंवा कॉपी केलेल्या, फाइलचं नाव आणि ओळ क्रमांक दिसेल अशा. हाताळलेल्या फाइलींची यादी पाचच्या वर गेली असेल तर उत्तर देणारा कोड न बघताच विचारेल की या पाचांत सारखं काय आहे. तो प्रश्न विचारायच्या आधी स्वतःलाच विचारून घ्या आणि जे सारखं सापडेल त्याचं एक नवं कार्ड काढा.